कल्पवृक्षाची सावली आणि विहिरीचे पाणी

निवृत्तीनंतर मुंबईची जागा सोडावी आणि केळवे, चिंचणी किंवा बोईसरच्या बाजूला लहानसे घर व वाडी करावी, असा बेत आमच्या परिचयाचे अनेक शिक्षक करीत असतात. त्यांना आम्ही भरत मानसाटा यांचे ‘द व्हिजन ऑफ नॅचरल फार्मिंग’ हे इंग्रजी पुस्तक सुचवत आलो आहोत. सुचवताना एक इशाराही द्यायला हवा होता, म्हणून हे परीक्षण.

पुस्तक भास्कर सावे (१९२२–२०१५) यांच्याविषयी आहे. सावे मुळात प्राथमिक शिक्षक. काही काळ त्यांनी रासायनिक खतांची विक्रीही केली; पुढे खते सोडून ते नैसर्गिक शेतीकडे वळले. पालघर जिल्ह्याची उत्तर हद्द ओलांडली की उंबरगावजवळ देहरी गाव लागते. तेथे त्यांची १४ एकरांची ‘कल्पवृक्ष’ वाडी. नारळ-चिकूची झाडे उंचवट्यावर, पाणी मात्र खोडापासून दूर, मधल्या चरांत. जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन. याचे शास्त्र सरळ आहे. पाणी शोषणारी बारीक मुळे खोडापासून दूरवर पसरलेली असतात, आच्छादनाने बाष्पीभवन घटते आणि मुळांना हवा मिळते. निरीक्षणातून घडलेली ही पद्धत हे पुस्तकाचे खरे बळ आहे.

आमची अडचण एका विधानापाशी सुरू होते : अशी वाडी परिसरातून पाणी घेते त्याहून अधिक परत देते. पुस्तक हे अनुभवकथन आहे, मोजणीचा अहवाल नव्हे. म्हणून हे विधान सिद्धान्त न मानता गृहीतक मानावे, आणि आपल्या अंगणात तपासून पाहावे.

पाच गुंठ्यांचा हिशेब करू. या किनाऱ्यावर वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. १०० चौरस मीटर छपरावरून पन्हळीने सुमारे १,६०,००० लिटर पाणी मिळेल. उरलेल्या २४० दिवसांत चार माणसांना रोज ४०० लिटर, म्हणजे ९६,००० लिटर लागतील. दहा मोठ्या नारळांना रोज प्रत्येकी ४० लिटर धरले, तर आणखी ९६,०००. छप्पर दोघांना पुरत नाही. शिवाय एवढे पाणी साठवणारी टाकी कोण बांधणार? पिण्या-स्वयंपाकापुरती १०,००० लिटरची टाकी परवडते. मोरीचे पाणी केळी-अळूला जाते. बाकीचा भार जमिनीतल्या पाण्यावर.

आणि हे पाणी समुद्रकाठचे आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे वाळूत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटर. हाच हिशेब उलटाही चालतो. उपशाने पातळी अर्धा मीटर उतरून तशीच राहिली, तर खारे पाणी कालांतराने सुमारे २० मीटर वर सरकू शकते. काळ्या कातळात पाणी भेगांतून वाहते, तेथे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण किनाऱ्याजवळ खोल बोअर मारून हिरवळ राखणारा माणूस शेजाऱ्याची विहीरही मचूळ करू शकतो, हे दोन्हीकडे खरे.

दुसरा आक्षेप तारापूरचा. जमीन तिच्यावर सोपवली की ती स्वतःला सावरते, हा सावे यांचा विश्वास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर हे देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. गांडुळे माती भुसभुशीत करतील. जड धातू नाहीसे करू शकणार नाहीत. औद्योगिक वसाहतीच्या आसपास जागा घेणाऱ्याने आधी विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, मग रोपे आणावीत.

तरीही पुस्तक वाचावे असेच आम्ही म्हणू. मात्र त्यातली वाडी उचलून आणू नये, सावे यांची पाहण्याची सवय उचलावी. जागा घेण्यापूर्वी एक पूर्ण वर्ष, दर आठवड्याला, दोरीने विहिरीची पातळी मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड काढा. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २५० मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा आहे. वर्गातली मुले हे काम आनंदाने करतील. मे महिन्याचा आकडा हाती आला, की अंगणात नारळ दहा लावायचे की तीन, ते पुस्तकाला विचारावे लागणार नाही.