पांढरा वाघ आणि आमची रसिकता

साकीनाक्यासारख्या गजबजलेल्या वस्तींतून एखादें कुटुंब सुटीच्या दिवशीं मुलाबाळांसह बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत वाघ पाहावयास निघतें, तेव्हां त्याच्या मनांत निर्मळ कुतूहलाखेरीज दुसरें कांहीं नसतें. या उद्यानांत २००१ सालीं जन्मलेला बाजीराव नांवाचा पांढरा वाघ २०१९ सालीं वारला. त्याला पाहून परतलेल्यांच्या तोंडीं 'दुर्मीळ' हेंच विशेषण असावयाचें. विशेषणें पारखून घेणें हें टीकाकाराचें काम आहे. मग तीं कवितेंतील असोत कीं वाघाच्या अंगावरील. तेव्हां 'दुर्मीळ' हा शब्द आज आम्ही कसोटीस लावतों.

रीवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनीं मे १९५१ मध्यें रानांत एक पांढरें पिलूं पकडलें. त्याचें नांव मोहन. हा मोहन मात्र खराखुरा दुर्मीळ होता. पिवळा रंग नाहींसा करणारा हा गुण माता व पिता या दोघांकडूनही मिळाल्यावांचून अंगावर प्रकट होत नाहीं. बेगम नांवाच्या वाघिणीपासून मोहनला झालेलीं पिलें पिवळींच निपजलीं. पुढें त्याच्याच राधा नांवाच्या कन्येशीं त्याचा संकर घडविण्यांत आला, आणि १९५८ सालीं गोविंदगडच्या वाड्यांत चार शुभ्र पिलें जन्मलीं. त्यांपैकीं मोहिनी १९६० सालीं वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयांत गेली. निसर्गानें जें क्वचित् दिलें, तें हवें तेव्हां मिळावें म्हणून मनुष्यानें बाप व लेक यांची जोडी लाविली. मागणी येतांच जें तयार करितां येतें, त्यास दुर्मीळ कसें म्हणावें?

या हौसेची किंमत वाघांनीं भरली. पांढऱ्या वाघांच्या डोळ्यांपासून मेंदूकडे जाणारे कांहीं तंतू भलत्याच बाजूस वळतात, असें अभ्यासकांस आढळलें. कित्येकांची नजर तिरळी दिसते ती यामुळें. हा दोष रंगाच्या उणीवेशींच निगडित आहे. टाळू दुभंगणें, कणा वा पाय वाकडे होणें हे दोष निराळे; ते जवळच्या रक्तांतील संकरानें वाढतात. अमेरिकेंतील आर्कान्सा प्रांतांत एका पैदासकाराच्या हातून २००० सालीं सोडविलेला केनी नांवाचा पांढरा वाघ आपल्या रुंद, चपट्या चेहऱ्यामुळें जगभर प्रसिद्ध झाला. तो २००८ सालीं मेला. लोकांनीं त्यास 'डाऊन' व्याधी जडली असें ठरवून टाकिलें. हें वाचन साफ चुकीचें आहे. ती व्याधी मनुष्याच्या २१ व्या गुणसूत्राची प्रत अधिक झाल्यानें होते. वाघाचीं ३८ गुणसूत्रें निराळींच आहेत. पण ही चूक आम्हांस निष्पाप वाटत नाहीं. व्याधी म्हटली कीं बोट दैवाकडे दाखवितां येतें. पैदास म्हटली कीं तें मनुष्याकडे वळतें.

कोणी म्हणेल, पांढऱ्या वाघाच्या आकर्षणानें लोक येतात व वाघाविषयीं ममता वाढते. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. सारेच पांढरे वाघ विद्रूप निपजतात असेंही नाहीं. बाजीराव अठरा वर्षें जगला. परंतु पांढरा वाघ ही कांहीं वेगळी जात नव्हे. एकाच जनुकांतील लहानशा बदलानें हा रंग येतो, हें चिनी शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें. अशा पैदाशीनें रानांतील वाघाचें रक्षण होत नाहीं. जतन होते ती आमची नवलाची हौस. अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनें २०११ सालीं आपल्या सभासदांस ही पैदास बंद करावयास सांगितलें, तें योग्यच झालें.

जे असे जन्मले आहेत त्यांस अखेरपर्यंत निवारा व औषधपाणी मिळालें पाहिजे, आणि त्यांस पाहण्यांत कांहीं पाप नाहीं. मात्र पिंजऱ्यापुढें उभें राहून मुलानें 'हा पांढरा कां?' असें विचारिलें, तर 'देवाची करणी' एवढें सांगून त्यास पुढें ओढूं नये. मोहन आणि राधा यांची हकीकत त्यास सांगावी. आणि मग शेजारच्या पिवळ्या वाघापुढें त्यास थोडा अधिक वेळ उभें करावें.