फुटबॉल विद्यापीठाला पोसतो की विद्यापीठ फुटबॉलला?

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता: अमेरिकेतल्या विद्यापीठांना फुटबॉलच पोसतो, मग तक्रार कशाची? आज आपण या एका वाक्यावरच बोलू, कारण ते अर्धं खरं आहे. (फुटबॉल म्हणजे तिकडचा, अंडाकृती चेंडूचा. पायाचं काम त्यात कमीच.)

खरा अर्धा भाग आधी घेऊ. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही प्रक्षेपणावरची एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि पैशाचा बांध फुटला. २०२२ मध्ये 'बिग टेन' या विद्यापीठगटाने सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरांहून मोठा करार केला.

आता उरलेला अर्धा. एनसीएएच्याच आकडेवारीनुसार २०१९ मध्ये ज्यांच्या क्रीडा विभागाची स्वतःची कमाई खर्चाहून जास्त होती, अशी विद्यापीठं होती फक्त २५. वरच्या स्तरावर खेळणारी विद्यापीठं १३०. बाकीच्यांची तूट कोण भरतं? विद्यापीठाचा सर्वसाधारण निधी, आणि विद्यार्थी. इकडून शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या फीच्या बिलातही कित्येक ठिकाणी 'अ‍ॅथलेटिक्स फी' निघते, मग त्यांनी एकही सामना बघितलेला नसो. गंमत बघा, हीच फी क्रीडा विभागाच्या हिशेबात 'उत्पन्न' म्हणून जमा होते. मुलानं वडिलांकडून घेतलेले पैसे कमाईच्या रकान्यात लिहावेत, तसं!

पण मग एवढा पैसा आत येऊनही तूट का? इथे भागधारक नाहीत, लाभांश वाटायचा नाही. खेळाडूंना पगार द्यायला तर कालपरवापर्यंत बंदीच होती. त्यामुळे आलेला डॉलर प्रशिक्षकाकडे जातो, नाहीतर इमारतीकडे. शेजारच्या विद्यापीठाने नवं सरावसंकुल बांधलं की आपल्यालाही बांधावं लागतं. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा करारानुसार साडेसात कोटी डॉलरांहून अधिक देणं निघालं. प्रशिक्षण *न* देण्याबद्दल! अशा वेळी 'पैसा देणगीदारांचा आहे' हा बचाव ठरलेला. पण देणगीवर करसवलत मिळते, म्हणजे थोडा भार सरकारी तिजोरीवर पडतोच.

आम्ही टीकाकारही एका बाबतीत भोळे राहिलो. खेळाडूंना वाटा द्या, असं म्हणत आलो. ते म्हणणं आजही बरोबरच आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत खेळाडूंना देता येऊ लागले. आम्हाला वाटलं होतं, हे प्रशिक्षकांच्या पगारातून निघेल. टेनेसीने काय केलं? २०२५ च्या तिकिटांवर दहा टक्के 'टॅलेंट फी' लावली. जिथे तिकिटंच खपत नाहीत, तिथे हा बोजा पोहणाऱ्यांवर, कुस्तीगिरांवर आणि पुन्हा त्या फीच्या बिलावर येणार, अशी आमची भीती आहे.

बंद करणं सोपं नाही. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाने डिसेंबर २०१४ मध्ये खर्चाचं कारण देऊन संघ बंद केला. जून २०१५ मध्ये पुन्हा सुरू करावा लागला. शिकागो विद्यापीठ मात्र 'बिग टेन'चं संस्थापक सदस्य असूनही १९३९ मध्ये हचिन्स यांच्या कारकिर्दीत फुटबॉलमधून बाहेर पडलं. आज तिथे फुटबॉल आहे, पण तिसऱ्या श्रेणीतला, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते.