दोन बँजो आणि एक निवाडा

वऱ्हाडात बँजो म्हटले, की वरात डोळ्यांसमोर येते. अमरावतीच्या राजकमल चौकातून वा अकोल्याच्या एखाद्या गल्लीतून जाणारी ती मिरवणूक, टंकयंत्रासारखी बटणे असलेली लांबट पेटी, तारा छेडणारी नखी आणि मागे गाडीवर ध्वनिक्षेपकांची चळत. वस्तुतः हे वाद्य म्हणजे विजेवर चालविलेला बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज ‘ताइशोगोतो’ १९१२ च्या सुमारास जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी घडविला. बँजो हे त्याचे उसने नाव.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने बहिणीच्या लग्नाच्या मिस्सात हा बँजो वाजविण्याची परवानगी मागितली. “रस्त्यावरचा गोंगाट चर्चमध्ये नको,” असे सांगून आम्ही त्यास परत पाठविले. तो काही बोलला नाही. पेटी सायकलला बांधून निघून गेला. पुढे जॅझयुगातील टेनर बँजोच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्यात आल्या, तेव्हा आमचा तो निवाडा आम्हांलाच पुन्हा तपासावा लागला.

गोल कड्यावर ताणलेले वासराचे कातडे, आखूड दांडी आणि चार धातूच्या तारा, असे या मूळ नावाच्या धन्याचे रूप. व्हायोलिनप्रमाणे प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात लावलेली असते. म्हणून व्हायोलिन वाजविणाऱ्याची बोटे येथे परकी ठरत नाहीत. गोव्याच्या धर्मग्राम-शाळांत स्वरलिपी गिरवून मुंबईच्या वाद्यवृंदांत गेलेले वादक आपणांस परिचित आहेत. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथात मुंबईतील जॅझची कथा विस्ताराने आली आहे. मात्र १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताज हॉटेलात आला, तोवर पश्चिमेत टेनर बँजोचे दिवस सरत आले होते.

त्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास, दोन्ही आवाजाशी निगडित आहेत. नृत्यगृहांत ध्वनिक्षेपक नव्हते. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणही कर्ण्यासमोर वाजवून होई. तुताऱ्यांच्या कल्लोळातून लयीचा ठोका श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्यास बँजोचा कोरडा, धारदार टणत्कार उपयोगी पडे. पुढे विजेचा मायक्रोफोन आला आणि मऊ आवाजाच्या गिटारलाही जागा मिळाली. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील फ्रेड गाय यांनीसुद्धा १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात बँजो ठेवून गिटार हाती घेतली.

गिब्सन, व्हेगा, बेकन अँड डे या कारखान्यांचे त्या काळचे बँजो आज संग्राहक जपतात. शिंपल्याची जडणघडण, सोन्याचा मुलामा, कोरीव दांड्या! हे वैभव पाहताना या वाद्याचे कूळ विसरता कामा नये. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांत व अमेरिकेत भोपळ्याला कातडे मढवून ते घडविले. प्रतिष्ठितांनी आधी त्याची टिंगल केली आणि मग त्यालाच सोन्याने मढविले. पाच तारांच्या बँजोला मागणी वाढली, तेव्हा कित्येक जुन्या गिब्सन टेनरांच्या मूळ दांड्या काढून नव्या बसविण्यात आल्या. आयर्लंडच्या लोकसंगीताने मात्र चार तारा तशाच ठेवल्या आणि खालच्या पट्टीत लावून त्यांवर आपल्या धुना वाजविल्या. आमच्या मते वाद्याचा खरा सन्मान हाच होय.

दोष टेनर बँजोतही आहेत. त्याचा स्वर उमटताच विझतो. विलंबित गीताला तो साथ देऊ शकत नाही. परंतु त्याच्या मोठेपणाला मनगटाची आणि कातड्याची मर्यादा होती. वादक दमला, की आवाज दमे. आपल्या वरातीतील बँजोला ही मर्यादा उरलेली नाही. बटण फिरविले, की खिडक्यांची तावदाने थरथरतात. येथे अपराध यंत्राचा व ते फिरविणाऱ्या हाताचा आहे, त्या बिचाऱ्या तारांचा नव्हे. वाद्य आणि त्यामागचा ध्वनिक्षेपक यांत आम्ही भेद केला नाही, हीच आमची चूक.

चर्चच्या शिकवणुकीतही ही कसोटी आहे. दहावे पायस यांनी १९०३ मध्ये पियानो व गोंगाटी वाद्यांस चर्चमध्ये मनाई केली. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने मात्र पवित्र कार्यास योग्य ठरू शकणाऱ्या अन्य वाद्यांनाही अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट दिली. तेथे प्रश्न वाद्याच्या योग्यतेचा आहे. ते कोणत्या रस्त्यावरून आले, हा नव्हे.

गेल्या नाताळाआधी आम्ही त्या तरुणास बोलावून घेतले. ध्वनिक्षेपक न लावता त्याने सभागृहात एक भक्तिगीत वाजविले. शेवटच्या रांगेतील वृद्धांना पुढे सरकून बसावे लागले. ते सरकले आणि शांतपणे ऐकत राहिले. बहिणीच्या लग्नाचा दिवस मात्र आम्हांस त्याला परत देता येणार नाही.