शेवटच्या रांगेतून बघा

एखादी इमारत सुंदर आहे असं आपण म्हणतो, तेव्हा कुठे उभं राहून म्हणतो? बहुतेक वेळा रस्त्यावर. नाट्यगृहाच्या बाबतीत ही जागाच चुकीची आहे. नाट्यगृह आत बसून दुसरं काही बघण्यासाठी असतं.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात हे नेमकं धरलंय. माणसांसाठीचा नाट्यमंडप ६४ हात लांब, ३२ हात रुंद. हात म्हणजे साधारण दीड फूट. त्यातला निम्मा भाग प्रेक्षकांचा, म्हणजे शेवटचा प्रेक्षक रंगमंचापासून फार तर ४८ फुटांवर. याहून मोठा का नको? तर शब्द अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव हरवतात.

हे माप घेऊन आपल्या उपनगरांत फिरू. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ सालचं, वास्तुरचनाकार वेद सेगन. बाहेरून डोळे दिपावेत असं काही नाही. आत जेमतेम दोनशे आसनं, तीही रंगमंचाच्या तीन बाजूंना. नटानं आवंढा गिळला तरी कळतो.

आता वांद्रे-कुर्ला संकुलातलं, २०२३ मध्ये उघडलेलं नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र घ्या. मोठ्या थिएटरात दोन हजार आसनं, छतात हजारो स्फटिक. भव्य संगीतिकेला ते शोभतं, नाही असं नाही. पण दोन माणसांचं दबक्या आवाजातलं भांडण शेवटच्या रांगेपर्यंत यंत्रच पोचवणार, आणि चेहरा तर तेवढ्यानंही पोचत नाही. तिथेच २५० आणि १२५ आसनांची दोन छोटी दालनं आहेत. नाटकवाल्यांनी खरं कौतुक त्यांचं करावं.

मग भव्यता वाईटच का? मुळीच नाही. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम बघा. हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी प्रेक्षकांवरचं छप्पर पुढच्या खांबांशिवाय तोललंय. ते दिमाखदार दिसतं, पण त्या दिमाखाला कारण आहे: खेळ आणि प्रेक्षक यांच्या मध्ये खांब येत नाही. मैदानात चेंडू दिसायला हवा, नाटकात पापणी. प्रत्येकाचं माप वेगळं.

बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ ही पालिकेची नाट्यगृहं म्हणजे आपल्याच पैशांची. उद्या त्यांच्या नूतनीकरणाचा आराखडा समोर आला, तर दर्शनी भागाच्या चित्रावर भाळू नका. एवढंच विचारा: शेवटच्या रांगेतून नटाचे डोळे दिसतील का?