आमच्यामागें काय?

ज्या घरांत एखादें मूल चारचौघांहून निराळें असतें, तेथील आईबाप दिवसा कांहींही बोलोत, रात्रीं त्यांस एकच प्रश्न जागवितो : आमच्यामागें ह्याचें कसें होणार? ऑटिझम, ज्यास आपण स्वमग्नता म्हणतों, त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. पण तें बहुतेक मुलांविषयीं. तें मूल साठी ओलांडल्यावर कसें जगतें, हें सांगणारे ग्रंथ विरळा. म्हणून जॉन डॉनव्हन व कॅरेन झुकर ह्या अमेरिकन लेखकांच्या ‘इन ए डिफरंट की’ (२०१६) ह्या ग्रंथाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ग्रंथ ऑटिझमच्या समग्र इतिहासाचा आहे. परंतु त्याचा प्राण डोनाल्ड ट्रिप्लेट ह्याच्या चरित्रांत आहे.

डोनाल्ड १९३३ सालीं मिसिसिपी संस्थानांतील फॉरेस्ट ह्या लहान गांवचा. तीन वर्षांचा असतांना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यास एका संस्थेंत ठेवलें. वर्षभरानें आईबापांनीं परत आणलें. वकील पित्यानें डॉ. लिओ कॅनर ह्यांस तेहतीस पानांचें पत्र लिहिलें, आणि १९४३ सालीं कॅनरनीं अकरा मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांतील पहिलें मूल हेंच. इतर ग्रंथ बहुधा येथें थांबतात. हा पुढें जातो. डोनाल्ड फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाला, गांवच्या बँकेंत लागला, सत्ताविसाव्या वर्षीं मोटार हांकावयास शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशीं हिंडला. आई गेल्यावर त्याच घरांत एकटा राहिला. ग्रंथ निघाल्यानंतर सात वर्षांनीं, २०२३ सालीं, एकोणनव्वद वर्षांचा होऊन तो वारला.

ह्यास लेखक बरा होणें म्हणत नाहींत, हें त्यांच्या विवेकाचें लक्षण होय. डोनाल्ड अखेरपर्यंत तसाच राहिला : बोलणें तुटक, संभाषण मध्येंच संपविणारें. बदललें तें गांव. तें त्यास सरावलें. डोनाल्डला दुखवाल तर गांठ आमच्याशीं आहे, अशी ताकीद गांवकऱ्यांनीं लेखकांनाच दिली, हा प्रसंग आम्हांस ग्रंथांतील सर्वांत मोलाचा वाटला.

परंतु आमची एक तक्रार आहे. ती बँक आईच्या माहेरच्यांची होती, आणि कुटुंबानें त्याच्या पैशाची व्यवस्था लावून ठेवली होती. लेखक हें लपवीत नाहींत. तरी गांवाचें कौतुक करतांना त्यांस ह्याचा विसर पडतो. बालपणींच इस्पितळांत धाडला गेलेला आणि जवळजवळ सारें आयुष्य तेथेंच काढलेला दुसरा एक मनुष्य ह्याच ग्रंथांत आहे. दोघांस शेजारीं ठेवलें म्हणजे दैवाचा वांटा किती हें कळतें. शिवाय डोनाल्डविषयीं सारे बोलतात, डोनाल्ड स्वतः थोडें. टेंपल ग्रँडिन ह्यांच्या आत्मकथनांत जें आंतून कळतें, तें येथें बाहेरूनच पाहावें लागतें.

आणखी एक विचार हा ग्रंथ मनांत उभा करतो. ‘स्वमग्न’ हा आपला शब्द मूळ ग्रीक धातूस धरून आहे, पण ह्या मनुष्यास लागू पडत नाहीं. डोनाल्ड ओळखीच्यांस एकेक अंक देई, आणि वर्षें लोटलीं तरी तो अचूक सांगे. हें स्वतःत बुडणें नव्हे. आपल्या रीतीनें नातें जोडणें होय. आपल्या जुन्या वाड्यांतही आगगाड्यांचें वेळापत्रक मुखोद्गत असलेला, लग्नकार्यांत माळ्यावर जाऊन बसणारा एखादा काका असे. बुद्धि चांगली, मग अडतें कोठें, असें म्हणून आपण त्यास चक्रम ठरविलें. पण पंगतींत त्याचें पान मांडलें जाई. २०१६ च्या कायद्यानें ऑटिझम व अध्ययन-अक्षमता ह्यांस आपल्या देशांत अपंगत्वांत स्थान दिलें, हें योग्यच झालें. मात्र आज साठी उलटलेल्या किती काकांस ह्या गोष्टीचें नांवही कधीं कोणी सांगितलें नसेल! आणि वाडे गेले. तें पान आतां कोण मांडणार?

आरंभींच्या प्रश्नास ग्रंथाचें उत्तर आम्हीं असें वाचलें : पैसा हवा, आणि गांवही हवें. पैसा मृत्युपत्रानें देतां येतो. शेजार तसा देतां येत नाहीं. तो आईबापांनीं आपल्या हयातींतच जोडून ठेवावा लागतो, आणि शेजाऱ्यांनींही.