बोगदा की लखोटा?

व्हीपीएन म्हणजे काय हे सांगताना बहुतेक पुस्तकांत आणि प्रशिक्षण वर्गांत एकच चित्र काढले जाते. डावीकडे एक संगणक, उजवीकडे दुसरा, मध्ये इंटरनेटचा ढग आणि त्या ढगातून आरपार गेलेला एक बोगदा. बोगद्याबाहेर काळा चष्मा लावलेला चोर. चित्र सुटसुटीत आहे, फळ्यावर मिनिटभरात काढता येते. तरीही ते अपुरे आहे आणि काही बाबतींत दिशाभूल करणारे आहे, असे आमचे मत आहे.

हा विषय आता केवळ मोठ्या कंपन्यांचा राहिलेला नाही. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये मोफत वायफाय सुरू झाले आणि त्यानंतर ते शेकडो स्थानकांवर पोचले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. पूर्वी पीसीओ असे, तसे किराणा दुकानदारानेही वायफाय पुरवावे, अशी तिची कल्पना. म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांचे पालक अशा सार्वजनिक जोडणीवरून धंद्याचा हिशेब पाहणार, हे गृहीत धरले पाहिजे.

समजा, तालुक्याच्या गावी एकाचे शेती अवजारांचे दुकान आहे. हिशेबाची फाइल दुकानातल्या संगणकावर असते. मालक माल आणायला शहरात गेला की स्थानकावरच्या वायफायवरून ती फाइल त्याला उघडायची असते. त्याला नेमका धोका कशाचा आहे?

चित्रातला चोर म्हणतो, पासवर्डचा. ही भीती एके काळी खरी होती. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाची ब्राउझरची एक जोडणी निघाली. ती वापरून खुल्या वायफायवर शेजारी बसलेल्याच्या फेसबुक खात्यात कोणालाही शिरता येई, कारण तेव्हा बरीच संकेतस्थळे मजकूर उघडाच पाठवत. आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर ब्राउझरपासूनच कूटबद्ध होऊन निघतो. शेजाऱ्याला फार तर आपण कोणत्या स्थळाकडे गेलो एवढे कळते. म्हणून ‘सार्वजनिक वायफायवर बँकेचा पासवर्ड कोणीही वाचतो’ हे वाक्य आता जसेच्या तसे शिकवू नये.

खरा धोका वेगळा आहे. दुकानातली फाइल, छपाईयंत्र, कॅमेरा ही सारी मंडळी ‘घरात आलेला तो घरचाच’ या समजुतीवर चालतात. त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःचे भक्कम कुलूप नसते. ती थेट इंटरनेटवर उघडी टाकली, तर स्थानकावरचाच नव्हे, जगातला कोणीही दार ढकलून पाहू शकतो. व्हीपीएन हवे ते यासाठी: घराबाहेर असलेल्या घरच्या माणसाची ओळख पटवून त्याला आत घेण्यासाठी. बोगद्याच्या चित्रात या ओळख पटवण्याला जागाच नाही.

दुसरा आक्षेप. बोगदा म्हटले की वेगळा रस्ता डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात वेगळा रस्ता कुठेच नसतो. मालकाचा संदेश त्याच हवेतून, त्याच राउटरमधून, इतरांच्या संदेशांबरोबरच जातो. फक्त तो एका लखोट्यात बंद असतो आणि तो लखोटा दुसऱ्या लखोट्यात. बाहेरच्या लखोट्यावरचा पत्ता सर्वांना दिसतो, आतला पत्ता आणि मजकूर दिसत नाही. किती लखोटे गेले, केवढे, केव्हा, हेही दिसते. वायफायवाल्याने ठरवले तर तो लखोटे अडवूही शकतो. बोगद्यातली गाडी अशी कोणाला मोजता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. बोगद्याचे दुसरे तोंड कुठे उघडते? जाहिरातींत दिसणारी व्हीपीएन सेवा घेतली, तर ते कंपनीच्या संगणकावर उघडते, दुकानात नाही. तिथून पुढे संदेश नेहमीसारखाच इंटरनेटवर जातो. वायफायवाल्यावरचा विश्वास कंपनीकडे सरकला, एवढाच फरक. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने अशा सेवांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले संगणक हलवले. व्यवसायांच्या अंतर्गत व्हीपीएनला मात्र तो आदेश लागू नव्हता. नाव एक, वस्तू दोन, हे सरकारी कागदानेही मान्य केले. आपली पुस्तके अजून करत नाहीत.

दुकानदाराला लागते ती दुसरी वस्तू. वायरगार्ड ही मोफत आज्ञावली २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तिच्यात प्रत्येक यंत्राला किल्ल्यांची जोडी असते. एक किल्ली इतरांना द्यायची, दुसरी यंत्राबाहेर जाऊ द्यायची नाही. मोबाइल हरवला, तर दुकानातल्या यादीतून त्याची किल्ली काढून टाकायची. खासगीपणा येतो तो या यादीतून.

अडचणी मात्र लपवू नयेत. वायफायचे प्रवेशपान भरेपर्यंत व्हीपीएन जोडले जात नाही. अनेक जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे दुकान बाहेरून सापडतच नाही. मग सार्वजनिक पत्ता असलेला एखादा संगणक भाड्याने घेऊन त्याच्यामार्फत गाठ घालावी लागते. शिवाय खासगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीनच गट राखून ठेवले गेले. दुकानातला संगणक १९२.१६८.१.१० असेल आणि स्थानकाचे जाळेही १९२.१६८.१ नेच सुरू होत असेल, तर मोबाइल त्या संगणकाला स्थानकावरच शोधत बसतो. म्हणून दुकानाला सुरुवातीलाच कमी वापरातला गट निवडावा.

हे सारे वर्गात दाखवणे सोपे आहे. दोन मुले वर्गाच्या दोन टोकांना बसवा. त्यांनी आधी हातोहात एक सांकेतिक लिपी ठरवावी. त्या लिपीतली चिठ्ठी लखोट्यात आणि तो लखोटा दुसऱ्या लखोट्यात घालून रांगेतून पाठवावा. मधल्या मुलांनी दिसेल ते सर्व लिहून काढावे. मग मधल्याच एखाद्याला ‘मीच तो’ असे सांगून खोटे उत्तर पाठवायला लावा. लिपी ठाऊक नसल्याने तो पकडला जाईल. पुढच्या खेपेस त्यालाच गुपचूप लिपी सांगा आणि काय होते ते पाहू द्या.

लखोट्याचा दाखलाही परिपूर्ण नाही. कागद फाडता येतो. चांगले कूट किल्लीशिवाय उलगडत नाही. पण ‘किल्ली कोणाकडे?’ हा प्रश्न तो मुलांच्या तोंडून काढतो. बोगद्याचे चित्र तो प्रश्न पडूच देत नाही, आणि दुकानदाराचा हिशेब सुरक्षित राहणार की नाही, हे त्याच प्रश्नावर ठरते.