'जंतू मारणारे औषध' : एक अपुरे उत्तर

'प्रतिजैविके जंतूंना मारतात' हे वर्गात नेहमी दिले जाणारे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मग आपल्या पेशी का मरत नाहीत, हा प्रश्न त्यातून सुचतच नाही.

शिरूर-दौंड ज्या पुणे जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यात पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती पेनिसिलिन बनवण्यासाठी. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका सांधणाऱ्या विकरांना निकामी करते. भित्तिका कमकुवत होते, पाणी आत शिरते आणि वाढणारा जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना भित्तिकाच नसते! स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती बिघडवते. आपल्या पेशीद्रवातील रायबोसोमची घडण वेगळी असते.

सर्दीच्या विषाणूला ना अशी भित्तिका, ना स्वतःचे रायबोसोम. तेथे ही औषधे व्यर्थ. दोघांनाही 'जंतू' म्हटल्याने नेमका हाच फरक बुजतो. शिरूरच्या किंवा दौंडच्या औषधाच्या दुकानात सर्दीसाठी अँटिबायोटिक मागणारा माणूस हेच अपुरे उत्तर शिकलेला असतो. अशा वापराने सर्दी हटत नाही. शरीरातील दाद न देणारे जिवाणू मात्र टिकून वाढतात.

म्हणून शिक्षकांनी 'मारते' या शब्दापाशी न थांबता 'नेमका घाव कशावर?' हे विचारावे.